गुलाबी प्रिमरोज: पाटीवरचं नाव आणि बोंडातली खूण

भिवंडीत हे फूल तीन वाटांनी येतं. उटीला फिरायला गेलेली मंडळी रस्त्याकडेचं रोप मुळासकट उपटून ओल्या रुमालात गुंडाळून आणतात. कुणी बियांचं पाकीट घरपोच मागवतं. ठाणे-कल्याणकडच्या रोपवाटिकांत हिवाळी फुलझाडांच्या गर्दीत एखादी कुंडीही सापडते. वाट कुठलीही असो, पाटीवर नाव एकच असतं: पिंक इव्हिनिंग प्रिमरोज. चार गुलाबी पाकळ्या, कागदासारख्या पातळ, त्यांवर गडद शिरा आणि मधोमध फिकट पिवळसर डाग. फोटो छान येतो. मग तो फोटो 'हे काय आहे?' या प्रश्नासह चार लोकांना जातो आणि पाच उत्तरं परत येतात.

पाचांतलं एखादं उत्तर बरोबरही असतं, पण फोटोवरून ते ठरवता येत नाही. या नावाखाली निदान तीन वेगळ्या जाती खपतात आणि त्यांच्या जवळपास वावरणाऱ्या तोतयांची संख्या त्याहून मोठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: या गटात फुलावरून कूळ ठरवावं, आणि जात ठरवायला बोंड धरेपर्यंत थांबावं. पाकळीच्या रंगावरून नाव लावायची घाई केली की काय होतं, त्याचा अडीचशे वर्षांचा इतिहासच हाताशी आहे.

पण आधी आपल्या बांधावर जाऊ. प्रिमरोज परदेशी असलं तरी त्याचे सख्खे भाऊबंद कोकणात पावलोपावली आहेत. भातकापणीच्या सुमारास ओलसर बांधावर, खाचरांच्या कडेला, नाल्याच्या काठाला कमरेइतकं वाढणारं, पिवळ्या चार पाकळ्यांचं एक झुडूप उभं असतं. शास्त्रज्ञ त्याला लुडविजिया ऑक्टोव्हाल्विस म्हणतात, मराठीत ते पाणलवंग. पिवळं फूल दुपारपर्यंत गळून जातं. त्यामागे राहतं ते तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचं, शिरा उठलेलं, लालसर बोंड, आणि बोंडाच्या टोकावर चार हिरवी निदलं तशीच टिकून. हुबेहूब लांबट लवंग. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांनी फुलाकडे बघितलंच नाही, फळ बघितलं. त्यांची निवड मला आजच्या बऱ्याच पाट्यांपेक्षा शहाणपणाची वाटते.

याच पाणलवंगेचं एक फूल भिंगाखाली घेतलं की ऑनेग्रेसी कुळाची सगळी लक्षणं एका जागी मिळतात. चार निदलं, चार पाकळ्या, आठ पुंकेसर. आणि मुख्य म्हणजे बीजांडकोश पाकळ्यांच्या खाली. आपल्याला जो फुलाचा देठ वाटतो, त्याचा बराचसा भाग खरं तर उद्याचं बोंड असतो. टाचणीचं टोक परागकोशाला लावून हलकेच मागे ओढलं तर पराग सुटे पडत नाहीत. बारीक चिकट धाग्यांत गुंफलेले ते टाचणीमागून ओढले जातात, मागावर तुटलेलं सूत लोंबावं तसे. भिवंडीकराला हे दृश्य वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गुलाबी प्रिमरोजच्या परागकोशावर हाच प्रयोग केला तर तेच धागे निघतात. दोघांचं कूळ एक, याचा इतका सोपा पुरावा दुसरा नाही.

या कुळाचं मराठी नाव मात्र पेचात पडलं आहे. जुन्या मराठी वनस्पतिशास्त्रात त्याला शृंगाटक कुल म्हणतात, म्हणजे शिंगाड्याचं कूळ. एकोणिसाव्या शतकातल्या वर्गीकरणात शिंगाडा खरोखरच या कुळात होता. पुढे त्याला स्वतंत्र कूळ मिळालं, आणि आता जनुकांच्या अभ्यासानंतर तो मेंदी, डाळिंब आणि तामण यांच्या कुळात जाऊन बसला आहे. ज्याच्या नावावर घर होतं तोच घराबाहेर पडला, पाटी तेवढी राहिली. उपवासाच्या पिठावर अर्थात याचा काही परिणाम होत नाही.

आता मूळ तीन गुलाबी जाती. पहिली ईनोथेरा रोझिया. ती मूळची अमेरिका खंडातली, पण निलगिरीत आणि हिमालयाच्या उतारांवर इतकी रुळली आहे की तिथल्या माणसाला ती परकी वाटत नाही. उटीहून रुमालात येते ती बहुधा हीच. हिची पाकळी जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर. कळ्या ताठ उभ्या. कुक्षीचे चार फाटे परागकोशांच्या मधोमध बसलेले असतात, त्यामुळे फूल स्वतःच्याच परागांनी फळतं. आणि उमलतं सकाळी, सूर्य उगवायच्या सुमाराला.

दुसरी ईनोथेरा स्पेसिओझा. बियांच्या पाकिटातून येते ती मुख्यतः ही. पाकळी अडीच ते चार सेंटिमीटर, म्हणजे अख्खं फूल तळहाताच्या मध्यावर नीट मावेल एवढं. कळ्या खाली मान घातलेल्या आणि उमलताना वर वळणाऱ्या. कुक्षीचा क्रूस परागकोशांच्या पुढे बाहेर डोकावतो, कारण हिला स्वतःचे पराग चालत नाहीत. घरात एकच रोप असेल तर फुलांचा पाट वाहतो आणि बोंडं भरतच नाहीत. लोक मग 'बी धरत नाही, रोप खराब निघालं' म्हणतात, तर तसं नसतं. हिची मुळं जमिनीखालून धावतात, म्हणून कुंडीतच ठेवलेली बरी. पाण्याचा निचरा झाला नाही तर मुळं कुजतात. आपल्याकडचा जून-जुलै म्हणजे तिची परीक्षाच.

तिसरी ईनोथेरा टेट्राप्टेरा. ही खरी फसवी. ती संध्याकाळी पांढरी उमलते आणि दुसऱ्या सकाळपर्यंत कोमेजता कोमेजता गुलाबी होते. सकाळी नऊ वाजता गच्चीवर गेलेल्या माणसाला ती गुलाबी दिसते, आणि तो शपथेवर तसं सांगतो. तो खोटं बोलत नाही, चुकीच्या वेळी बघतो आहे. म्हणून फोटोबरोबर वेळ लिहिलेली नसेल तर रंगाच्या साक्षीला फारशी किंमत नाही.

तिघींची बोंडं शेजारी शेजारी ठेवली की वाद संपतो. रोझियाचं बोंड छोटं, सेंटिमीटरभराच्या आसपास, वर रुंद आणि खाली निमुळतं होत एका पोकळ, शिराळ देठात उतरणारं. स्पेसिओझाचं त्याहून लांब, चार कडा उठलेलं. टेट्राप्टेराच्या बोंडाला वरच्या भागात चार स्पष्ट, रुंद पंख. तिचं शास्त्रीय नावही त्यावरूनच पडलेलं. १७९६ साली ते ठेवणाऱ्या स्पॅनिश कावानिलेसने पाकळी सोडून फळ पाहिलं, आपल्या पाणलवंगवाल्यांसारखंच.

तोतयांकडे वळताना एक आडाखा धरावा. पाकळ्या चार आहेत, मग बीजांडकोश वर आहे की खाली? गुलबक्षीला लोक सर्रास 'संध्याकाळचं गुलाबी फूल' म्हणून पुढे करतात. पण तिचा कर्णा पाच खंडांचा आणि पुंकेसर पाच, ती यादीतून पहिल्या फेरीतच बाद. बागेतली गुलाबी क्लिओम चार पाकळ्यांची खरी. पण ती आपल्या तिळवणीची नातलग. तिचे पुंकेसर सहा, आणि बीजांडकोश वेगळ्या दांडीवर फुलाच्या बाहेर उंच उचललेला. मोहरी-मुळ्याच्या कुळातही चार पाकळ्या आणि सहा पुंकेसर. पण ही सगळी ओळखायला सोपी.

खरा घोळ सह्याद्रीतल्या ऑस्बेकियाने होतो. पावसाळ्यात ओलसर माळावर आणि कातळाच्या कडेला उमलणारं हे छोटं गुलाबी फूल. पाकळ्या चार, पुंकेसर आठ, बीजांडकोश खाली. वर दिलेला आडाखा इथे सपशेल आपटतो. फूल सोडून पान पाहिलं तरच सुटका. ऑस्बेकियाची पानं समोरासमोर येतात आणि देठापासून तीन-पाच शिरा टोकापर्यंत समांतर धावतात, माथेरानच्या अंजनीच्या कुळाला शोभेल अशा. शिवाय परागकोश चोचीसारखे, टोकाला भोक पडून पराग सोडणारे. ईनोथेराची पानं एकाआड एक. इतकं पाहिलं की शंका उरत नाही. तरी दर पावसाळ्यात कुणीतरी रानात प्रिमरोज सापडल्याची बातमी आणतंच, आणि बातमी आणणाऱ्याचा हिरमोड करायचं काम कुणाला तरी करावं लागतं.

रोपवाटिकेतले तोतये अधिक जवळचे, कारण ते त्याच कुळातले आहेत. हिवाळी बियांच्या यादीत क्लार्किया आणि गोडेशिया ही नावं जुनी. गोडेशियाची फुलं गुलाबी, चार पाकळ्यांची, आठ पुंकेसरांची. फरक परागकोशाच्या बांधणीत आहे. गोडेशियाचा परागकोश तळाशी घट्ट बसवलेला, ताठ उभा. ईनोथेराचा मधोमध टांगलेला, फुंकर मारली तर डुलणारा. फुंकरीची ही कसोटी मला फार आवडते, तिला भिंगसुद्धा लागत नाही. आणि गावरा: बारीक काड्यांवर फुलपाखरं बसावीत तशी फुलं, चारही पाकळ्या वरच्या बाजूला सरकलेल्या, पुंकेसर खाली लोंबणारे. तिचं फळ तडकतच नाही, ते कठीण कवचाचं राहतं.

गावराच्या निमित्ताने नावांच्या इतिहासात शिरावं लागतं, कारण २००७ पासून गावरा हीसुद्धा ईनोथेराच आहे. हा इतिहास गुंतागुंतीचा आहे. लिनियसने १७५३ च्या ग्रंथात ईनोथेरा ही प्रजाती मांडली, ती पिवळ्या फुलांच्या बायेनिसला पुढे ठेवून. रोझिया १७८९ साली लंडनच्या क्यू बागेच्या सूचीत आली. नाव फ्रेंच लेरितिएचं, सूची एटनची. स्पेसिओझा थॉमस नटॉलने १८२१ मध्ये नोंदवली. त्याआधी दोन-तीन वर्षं तो आर्कान्सासच्या माळरानांवर भटकत होता, आणि त्याने पाहिलेली फुलं पांढरी होती. आज जिला आपण पिंक प्रिमरोजचा नमुना समजतो, तिची पहिली ओळख पांढऱ्या फुलाची. या जातीची उत्तरेकडची झाडं बहुतांशी पांढरी आणि संध्याकाळी उमलणारी, दक्षिणेकडची गुलाबी आणि सकाळी उमलणारी. म्हणजे जी गुलाबी आहे ती संध्याकाळची नाही, आणि जी संध्याकाळची आहे ती गुलाबी नाही. व्यापाऱ्यांनी दोन्ही शब्द एकाच पाटीवर बसवले. प्रिमरोज तर ती कधीच नव्हती. खरं प्रिमरोज म्हणजे प्रिम्युला, पाच पाकळ्यांची, कूळच निराळं.

१८३५ साली एदुआर स्पाखने या मोठ्या प्रजातीचे तुकडे पाडले. गुलाबी-पांढऱ्या गटाला त्याने हार्टमानिया असं वेगळं नाव दिलं. गोडेशिया हे नावही त्याच ग्रंथातलं, त्याचंच. जुन्या बागकामाच्या पुस्तकांत हार्टमानिया रोझिया आणि हार्टमानिया स्पेसिओझा भेटतात ते त्यामुळे. विसाव्या शतकात फिलिप मंझने हार्टमानियाला पुन्हा ईनोथेराच्या पोटात घेतलं. १९५५ मध्ये गोडेशिया क्लार्कियात विलीन झाली. १९६३ मध्ये पीटर रेव्हनने पाणलवंगेची जुनी प्रजाती जुसिया लुडविजियात मिळवली. पुढच्याच वर्षी त्याने ईनोथेरातून काही गट बाहेरही काढले. अखेर वॅग्नर, हॉख आणि रेव्हन यांनी २००७ मध्ये जनुकांचा आधार घेऊन सगळ्या कुळाची फेरमांडणी केली. गावरा आणि आणखी दोन छोट्या प्रजाती ईनोथेरात आल्या आणि तिच्या जातींची संख्या १४५ च्या घरात गेली.

हौशी माणूस इथे वैतागतो: शास्त्रज्ञांनाच ठरवता येत नाही, तर आम्ही का डोकं फोडावं? वैताग समजण्यासारखा आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. हार्टमानियाचं ईनोथेरा झालं तेव्हा झाड तेच राहिलं, बोंड तेच राहिलं, बदललं फक्त नात्याचं मोजमाप. सदाफुलीचं तसंच झालं. लिनियसने तिला विंका रोझिया म्हटलं, १८३७ मध्ये जॉर्ज डॉनने कॅथरँथसमध्ये हलवलं, आणि तिच्यातून निघणाऱ्या कर्करोगावरच्या औषधांच्या नावात विंक्रिस्टीन, व्हिनब्लास्टीन असा विंकाचा अंश आजही आहे. कुणाचं काही बिघडलं नाही, कारण प्रत्येक जुन्या नावावरून आजच्या झाडापर्यंत माग काढता येतो. रोझिया आणि स्पेसिओझा एकमेकींच्या पाटीवर चढवणं हा प्रकार वेगळा. तिथे नाव बदललेलं नसतं, झाडच बदललेलं असतं, आणि माग काढायला काही उरत नाही. पहिल्याबद्दल तक्रार करू नये. दुसऱ्याबद्दल जरूर करावी.

ईनोथेराच्या जाती मुळातच निसरड्या का, यालाही एक सुरस कारण आहे. हॉलंडमध्ये ह्यूगो द व्ह्रीसला १८८६ साली हिल्व्हर्सुमजवळच्या एका ओसाड शेतात पिवळ्या ईनोथेराची वेगळी दिसणारी रोपं मिळाली. त्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून त्याने १९०१ ते १९०३ या काळात उत्परिवर्तनाचा सिद्धान्त मांडला: नवी जात एका झेपेत जन्मते. पुढे कळलं की त्याच्या बऱ्याच 'नव्या जाती' म्हणजे संकराचे खेळ होते. या गटातल्या काही जातींत गुणसूत्रं जोडीजोडीने न बसता गोल साखळी करून बसतात आणि दोन ठराविक संच पिढ्यानपिढ्या एकत्र ठेवतात. त्यामुळे संकर असूनही संतती एकसारखी निघते. आपली छोटी रोझिया याच प्रकारातली. तिची चौदाही गुणसूत्रं साखळीत असतात. किंमत म्हणून तिचे जवळजवळ अर्धे पराग वांझ राहतात. महाविद्यालयाच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पराग रंगवून पाहिले तर भरलेले आणि पोकळ दाणे शेजारी शेजारी दिसतात. फूल छोटं आहे म्हणून रोझिया की खुरटलेली स्पेसिओझा, हा वाद अशा एका काचपट्टीवर मिटू शकतो.

मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची मोजदाद करणारी परंपरा मोठी, आणि ती करणारे बरेचसे हौशीच. १८३९ ची सूची करणारा जॉन ग्रॅहम टपाल खात्यातला अधिकारी. १९०१ ते १९०८ दरम्यान इलाख्याची वनश्री छापणारा थिओडोर कुक पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा प्राचार्य. मधे १८६१ साली डॅलझेल आणि गिब्सन. या सगळ्यांनी आपल्या म्हणण्यामागे वाळवलेला नमुना ठेवायची रीत लावून दिली. तीच पुढे सेंट झेवियर्समधल्या ब्लाटर हर्बेरियमने, फादर सांतापाव यांच्या खंडाळ्याच्या वनश्रीने आणि पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्राने चालवली. वाळवलेल्या कागदावर पाकळीचा रंग उडतो. बोंड, पान, कळीची मान, देठाची पोकळी टिकते. रंग टिकत नाही म्हणून या मंडळींना रंगावर विसंबताच आलं नाही, आणि त्यांची कामं त्यामुळेच पक्की झाली.

मोबाइलवरच्या ओळख-ॲपांचं नेमकं उलट आहे. त्यांच्याकडे फक्त फोटो, आणि फोटो बहुतेक फुलाचा, वरून घेतलेला. ॲप कूळ बऱ्याचदा बरोबर सांगतं आणि जातीच्या पातळीला पोचलं की सगळ्यांत जास्त फोटो असलेलं नाव पुढे करतं. ॲपला नावं ठेवून उपयोग नाही, त्याला द्यायचं ते आपण देत नाही. एक फोटो बाजूने, कळी आणि देठ दिसेल असा. एक पानांचा. एक बोंडाचा, शेजारी पट्टी ठेवून. आणि फूल किती वाजता उघडं होतं त्याची नोंद.

चुकीच्या नावाचा खर्च फुलापुरता राहिला तर ठीक. पण औषधांच्या दुकानात इव्हिनिंग प्रिमरोज तेलाच्या कॅप्सूल मिळतात, आणि 'आमच्या कुंडीत तेच झाड आहे' असं ऐकू येतं. ते तेल पिवळ्या फुलांच्या बायेनिस आणि तिच्या जवळच्या जातींच्या बियांचं. त्यातल्या गॅमा-लिनोलेनिक आम्लासाठी ते विकलं जातं. छातीच्या दुखण्यावर आणि त्वचेच्या इसबावर ते बरीच वर्षं दिलं गेलं. पण पुरेसा गुण सिद्ध होत नाही म्हणून ब्रिटनने २००२ मध्ये अशा औषधांचे परवाने काढून घेतले. तेव्हा गच्चीवरच्या गुलाबी फुलाची पानं उकळून पिण्याला पाटीवरच्या नावापलीकडे काही आधार नाही.

राहता राहिलं मराठी नाव. गुलाबी सांजफूल, सांजगुलाबी अशी नावं सुचवली जातात. ती गोड आहेत आणि व्यापाऱ्याने केलेली चूक ती मराठीत कायम करतात. मला वाटतं, तूर्त ईनोथेरा रोझिया आणि ईनोथेरा स्पेसिओझा असंच देवनागरीत लिहावं. क्रोटन आणि झिनिया आपण पचवलेच आहेत. गुलबक्षीही अमेरिकेतूनच आलेली, तिला नाव द्यायला कुठली समिती बसली नव्हती. हे झाड आपल्या पावसात तगलं, कुंडीतून उतरून अंगणात आलं, तर लोक त्याला नाव देतीलच, आणि ते बहुधा बोंड बघून देतील. तोवर रोपवाटिकेतल्या पाटीवर 'पिंक प्रिमरोज' दिसलं, तर विकत घेण्याआधी एक फुंकर मारावी, परागकोश डुलतात का पाहावं, आणि बोंड धरलेलं रोप असेल तर तेच मागून घ्यावं.